शेवटच्या कडव्यातले नाव

कलावंताची उपेक्षा हा विषय आपल्याकडील व्याख्यानमालांत आणि नियतकालिकांत इतक्या वेळा येऊन गेला आहे, की त्यावर आणखी काही लिहिताना संकोच वाटावा. उपेक्षित कवी, उपेक्षित गायक, उपेक्षित शाहीर असे म्हणताना आपण सहसा उपेक्षा करणाऱ्याचे नाव घेत नाही. जणू उपेक्षा ही पावसासारखी आभाळातून पडते, आणि ज्याच्या डोक्यावर छत नाही तो भिजतो. आम्ही हा विषय आज हाती घेतो आहोत, याचे कारण असे की एका कलावंताच्या उपेक्षेत आमच्या सहीचाही वाटा आहे. ती हकीगत यथावकाश सांगूच. प्रथम मूळ प्रश्न नीट मांडावयास हवा.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही चिरंजीवांकडे सामरवरणीस राहावयास आलो. सिल्वासा शहराला लागून असलेले हे गाव आता नावापुरतेच गाव उरले आहे. भोवताली कारखाने आहेत, आणि त्या कारखान्यांतून काम करण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसे चाळींतून राहतात. त्यांत खानदेशातील आणि मराठवाड्यातील मराठी मंडळीही पुष्कळ आहेत. गेल्या 14 एप्रिलला सायंकाळी फिरावयास निघालो असता एका चाळीपुढे छोटासा मंडप दिसला. बाबासाहेबांची तसबीर, निळ्या पताका, एक ढोलकी, एक पेटी. विशीतला एक मुलगा गात होता. आवाज कसलेला नव्हता, पण शब्द असे होते की आम्ही थांबलो. गाणे आम्ही पूर्वी ऐकले होते. कोणाचे हेही ठाऊक होते. संपल्यावर आम्ही त्याला जवळ बोलावून विचारले, "हे गाणं कुणाचं रे?"

तो म्हणाला, "काका, भीमगीत आहे. कुणाचं म्हंजे? आपलंच!"

"लिहिलं कुणी?"

त्याने ढोलकीवाल्याकडे पाहिले, ढोलकीवाल्याने पेटीवाल्याकडे. कोणालाच सांगता येईना. त्यांना त्याचे वाईटही वाटले नाही. गाणे त्यांच्याजवळ होते, तेवढे त्यांना पुरे होते.

ते गाणे वामनदादा कर्डकांचे होते. मुलगा ते तीन कडवी गायला. चौथे, म्हणजे शेवटचे कडवे त्याने सोडून दिले होते. आणि वामनदादांचे नाव होते ते त्याच कडव्यात.

घरी परतताना आमच्या मनात प्रश्न आला तो असा: कवीचे नाव गेले आणि गाणे राहिले, तर हा कवीचा पराजय म्हणावयाचा की विजय?

ज्यांना वामनदादांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयास हवे. 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी त्यांचा जन्म झाला. शाळेशी संबंध आलाच नाही. पोटासाठी मुंबईस आले, शिवडीच्या चाळीत राहिले, गिरणीत आणि इतरत्र मिळेल ते काम केले. चाळीतल्या एकाने गावाहून आलेले पत्र त्यांच्या हाती देऊन वाचून दाखवण्यास सांगितले आणि त्यांना वाचता येईना. त्या प्रसंगाची लाज त्यांच्या जिव्हारी लागली. मग त्यांनी मुळाक्षरे गिरवली. दुकानांवरच्या पाट्या वाचीत जोडाक्षरे शिकले. वयाची विशी ओलांडलेला मजूर रस्त्याने पाट्या वाचीत चालला आहे, हे चित्र आम्हांला फार मोलाचे वाटते. पाठ्यपुस्तकाऐवजी रस्ताच त्यांचा गुरू झाला, आणि पुढे जन्मभर ते रस्त्यानेच हिंडले.

1943 साली त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. त्यानंतर साठ वर्षे ते रचीत राहिले आणि गात राहिले. आंबेडकरी जलशांची परंपरा त्यांच्याआधीच उभी राहिली होती. भीमराव कर्डकांसारख्यांनी ती गावोगाव नेली होती. वामनदादांनी त्या परंपरेला गीताचे एक सुटसुटीत, सहज तोंडी बसणारे रूप दिले. वस्तीतल्या ओट्यावर, बुद्धविहाराच्या अंगणात, जयंतीच्या मंडपात, जिथे बोलावतील तिथे ते जात, मिळेल त्या घरी उतरत, आणि रचना मागे ठेवून पुढच्या गावी जात. त्यांची गीते हजारोंच्या घरात आहेत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांनी ती आपल्या आवाजाने दूरवर पोचवली. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे त्यांचे संग्रह 1970च्या दशकात निघाले. पुढे 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन आले. 1993 साली वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. 15 मे 2004 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

आता याला उपेक्षा म्हणावी काय? लाखो लोकांच्या ओठी ज्याचे शब्द आहेत, ज्याला त्याच्या माणसांनी 'दादा' म्हणून हृदयाशी धरले, तो उपेक्षित कसा? आणि तरीही मराठी कवितेची आम्ही विद्यार्थिदशेत वाचलेली इतिहासपुस्तके उघडावीत, तर त्यांत हे नाव सापडत नसे. 1970च्या दशकात दलित साहित्याने मराठी वाङ्मयाला मोठा हादरा दिला. 1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला आणि समीक्षकांना त्याची दखल घेणे भाग पडले. पण ही दखल छापील, मुक्तच्छंद कवितेची होती. त्याच वस्त्यांतून त्याच काळात जो गात होता, तो मात्र बहुतेकांच्या लेखी 'प्रचारगीते लिहिणारा' राहिला. चालीवर बांधलेले, ढोलकीवर म्हटलेले, सभेसाठी रचलेले जे असेल ते वाङ्मय नव्हे, असा एक अलिखित नियम होता. ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग टाळ-मृदंगावरच गायिले गेले, हे त्या वेळी कोणास आठवले नाही. अलीकडे विद्यापीठांतून त्यांच्यावर अभ्यास होऊ लागला आहे, ही समाधानाची गोष्ट. पण ते समाधान आपले आहे. त्यांना त्याचा उपयोग नाही.

येथे आम्हांला तीन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात, कारण त्यांची गल्लत झाली की विचार भरकटतो. पहिली दाद, दुसरी मान्यता आणि तिसरी मोबदला. दाद समोरचा श्रोता देतो. ती तिथल्या तिथे मिळते आणि तिला कोणाच्या शिफारशीची गरज नसते. मान्यता संस्था देतात. साहित्य संमेलने, विद्यापीठे, अभ्यासमंडळे आणि शासन यांच्याकडून ती उशिराने येते, पण आली की टिकते. मोबदला म्हणजे ज्यावर चूल पेटते तो पैसा. वामनदादांसारख्याला दाद उदंड मिळाली. मान्यता आपल्या माणसांच्या अंगणात मिळाली, शेजारच्या दिवाणखान्यात मिळाली नाही. मोबदल्याविषयी तर बोलावयासच नको. ज्यांच्यासाठी ते गात होते त्यांच्याच हाती काही नव्हते.

'उपेक्षित' हा शब्द आपण वापरतो तेव्हा बहुधा आपल्या मनात दुसरी गोष्ट असते. म्हणजे 'उपेक्षित' याचा खरा अर्थ 'आमच्याकडून उपेक्षित' असा होतो. ज्या वस्तीत ते गात होते तिथे ते कधीच उपेक्षित नव्हते. एवढे मान्य केले की शब्दाचा रोख बदलतो, आणि बोट कलावंताच्या नशिबाकडून आपल्याकडे वळते.

आता नाममुद्रेचा विचार करू. आपल्या परंपरेत कवी आपले नाव पदाच्या शेवटी घालतो. तुकोबांनी घातले, जनाबाईंनी घातले, शाहिरांनीही आपल्या लावण्या-पोवाड्यांत घातले. वामनदादाही 'वामन' हे नाव शेवटच्या कडव्यात ओवीत. आम्ही पूर्वी समजत असू, की ही केवळ एक रूढी आहे, वा फार तर आत्मनिवेदनाची एक रीत. आता वेगळे वाटते. ज्याच्यापाशी छापखाना नाही, प्रकाशक नाही, करारनामा नाही, त्याने आपले नाव ठेवावे कुठे? एकच सुरक्षित जागा उरते, ती म्हणजे गाण्याच्या पोटात. यमकाने आणि चालीने ते असे जखडून ठेवावयाचे, की गाणे जिथे जाईल तिथे नावही जाईल. जनाबाई दळणकांडण करणारी. तिचे नाव सातशे वर्षे टिकले ते याच युक्तीने. नाममुद्रा हा गरिबाचा स्वामित्वहक्क होय.

पण त्यालाही एक चोरवाट आहे. वेळ कमी असतो, दुसऱ्याचे गाणे व्हावयाचे असते, टेप संपत आलेली असते, आणि गाणारा शेवटचे कडवे सोडून देतो. वाईट हेतूने सोडतो असे नव्हे. कवी असा हळूहळू, कोणाचाही दोष नसताना, आपल्याच गाण्यातून बाहेर पडतो.

यावर आपल्याकडे एक ठरीव उत्तर आहे, आणि ते आम्हीही अनेकदा सभांतून दिले आहे. ते असे: लोककवीचे गाणे लोकांचे झाले यातच त्याचे सार्थक आहे, नाव विसरले जाणे हाच त्याचा खरा गौरव, कर्म करावे, फळाची आशा धरू नये. ऐकावयास हे फार उदात्त वाटते. वयाच्या या टप्प्यावर मात्र आम्हांला त्यात एक खोट दिसू लागली आहे. त्याग करावयाचा झाल्यास तो ज्याची वस्तू आहे त्यानेच करावयाचा असतो. शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी उचलून 'बघा, याने केवढे औदार्य दाखवले' असे म्हणता येत नाही. वामनदादा स्वतः म्हणाले असते, की माझे नाव राहिले नाही तरी चालेल, गाणे राहू द्या, तर ते त्यांचे मोठेपण. त्यांनी तर उलट प्रत्येक गीतात नाव घातले. मग त्यांच्या वतीने निःस्पृहता जाहीर करणारे आपण कोण? निष्काम कर्माचा उपदेश आपण नेमका त्यांनाच करतो ज्यांच्या कर्माचे फळ आपल्या पदरात पडलेले असते. वेतन आयोगाच्या थकबाकीविषयी आमच्यापैकी कोणी निष्काम राहिल्याचे आम्ही पाहिले नाही, आणि आम्हीही राहिलो नाही.

मध्यंतरी नातवाने आम्हांस ऑस्ट्रेलियातील एका गायक-कवीविषयी माहिती मिळवून दिली. त्यांचे नाव केव्ह कार्मोडी. जन्म 1946चा. आई तेथील आदिवासी, वडील आयरिश वंशाचे, गुरांचे कळप हाकणारे. क्वीन्सलँड प्रांतातील माळरानावर त्यांचे बालपण गेले. दहाव्या वर्षी, त्या काळच्या सरकारी धोरणापायी, त्यांना घरापासून दूर एका मिशनरी शाळेत टाकण्यात आले. पुढे बरीच वर्षे त्यांनी अंगमेहनतीची कामे केली. तिशी उलटल्यावर ते विद्यापीठात गेले. लिहिण्यावाचण्याचा सराव बेताचा, म्हणून त्यांनी अध्यापकांना विनंती केली, की मला माझा विषय लेखी मांडता येईपर्यंत गिटार घेऊन गाण्यातून मांडू द्यावा. अध्यापकांनी ती मान्य केली. आजी-आजोबांकडून ऐकलेला इतिहास त्यांनी वर्गात गाऊन दाखवला.

1988 साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्यांनी आणि पॉल केली यांनी मिळून रचलेले एक गीत त्या देशात सर्वतोमुखी आहे. ते गुरिंदजी नावाच्या आदिवासी जमातीच्या लढ्याचे गीत. 1966 साली व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली या गुराख्यांनी एका ब्रिटिश उमरावाच्या विस्तीर्ण कुरणावरचे काम सोडले आणि आपली जमीन परत मागितली. नऊ वर्षांनी, 1975 साली, पंतप्रधान व्हिटलॅम यांनी स्वतः जाऊन मूठभर माती लिंगियारींच्या हातावर ओतली. 2014 साली व्हिटलॅम निवर्तले तेव्हा त्यांच्या शोकसभेत कार्मोडी आणि केली यांनी हे गीत गायिले. गीताला एवढी कीर्ती लाभली, तरी गाण्याच्या बाजारात कार्मोडींचे नाव केलींइतके कधी झाले नाही. 2007 साली केली यांनीच पुढाकार घेऊन कार्मोडींच्या गीतांचा एक संग्रह निरनिराळ्या गायकांकडून गाऊन घेतला आणि त्यांची आठवण नव्या पिढीस करून दिली. 2009 साली त्यांच्या देशातील संगीतव्यवसायाने त्यांना आपल्या मानकऱ्यांत स्थान दिले.

या कहाणीतले आम्हांला सर्वांत अधिक काय भावले, तर ते स्थान नव्हे आणि शोकसभाही नव्हे. एका विद्यापीठाच्या वर्गात कोणा अध्यापकाने 'बरे, गाऊन दाखवा' असे म्हटले, ते. कारण तेच वाक्य एकदा आम्हांला म्हणता आले असते, आणि आम्ही म्हटले नाही.

गोष्ट 1994 सालची आहे. एका जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही नोकरीस होतो. वृद्ध कलावंतांना मासिक मानधन देण्याच्या शासकीय योजनेचे अर्ज आमच्या टेबलावरून पुढे समितीकडे जात. अर्जाची छाननी करून, तो परिपूर्ण आहे की अपूर्ण, असा शेरा मारणे हे आमचे काम. एके दिवशी सत्तरीचे एक गृहस्थ आले. डोक्याला मळकट फेटा, हातात काठी, काखेत फडक्यात बांधलेली एक वही. ते शाहीर होते. चाळीस वर्षे त्यांनी गावोगाव जलसे केले होते. आम्ही अर्ज पाहिला. वयाचा दाखला होता, उत्पन्नाचा दाखला होता. कलेचा पुरावा नव्हता. छापील पुस्तिका, वृत्तपत्रांतील कात्रणे, आकाशवाणीचे पत्र, संस्थांची प्रमाणपत्रे, असे काहीही नव्हते. होती ती फक्त वही. तीही दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेली.

आम्ही त्यांना म्हटले, "बाबा, हे चालणार नाही. काहीतरी कागद आणा."

ते म्हणाले, "साहेब, म्हणून दाखवू का?"

कचेरीत त्या वेळी सात-आठ माणसे होती. टंकलेखन यंत्रांचा आवाज थांबला. सगळे आमच्याकडे पाहू लागले. आम्हांला अवघडल्यासारखे झाले, आणि त्या अवघडलेपणातून सुटण्यासाठी आम्ही थोडे कडक स्वरात म्हणालो, "हे ऑफिस आहे. इथं गाणं नको. कागद आणा."

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "कागद कुठनं आणू साहेब? पायजे तर माणसं आणतो."

आम्ही त्यावर काही बोललो नाही. अर्जावर 'पुराव्याअभावी अपूर्ण' असा शेरा मारला आणि खाली सही केली. ती सही वळणदार होती, हे आम्हांला आजही आठवते. त्यानंतर ते आले नाहीत. पुढील वर्षी त्या तालुक्याच्या दौऱ्यावर असताना सहज चौकशी केली, तेव्हा कळले की शाहीर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच वारले. वहीचे काय झाले ते घरच्यांना सांगता आले नाही.

आमचे काही स्नेही यावर म्हणतील, आणि म्हणालेही, की यात तुमचा दोष नाही. नियम तो नियम. या युक्तिवादाला आम्ही हलके लेखत नाही. छत्तीस वर्षे नियमांच्या छायेत काढलेल्या माणसाने नियमांना नावे ठेवणे शोभत नाही. नियम नसता तर मानधन वशिल्यावाल्यांना मिळाले असते. कोणीही उठून 'मी शाहीर' म्हणाला असता. सार्वजनिक पैसा केवळ शब्दावर वाटता येत नाही, आणि लेखी पुराव्याची अट मूलतः गरिबाच्या रक्षणासाठीच असते. हे सर्व खरे आहे.

पण याच कचेऱ्यांतून दुसरे काय चालते, तेही आम्हांला ठाऊक आहे. शेताच्या बांधाचा तंटा असो, गारपिटीने झालेले पिकाचे नुकसान असो, आगीत जळालेले घर असो; आम्ही तिथे जातो आणि पंचनामा करतो. गावातले चार-पाच जण उभे करतो, ते जे सांगतील ते लिहून घेतो, आणि खाली त्यांच्या सह्या वा अंगठे घेतो. त्या पंचांच्या शब्दावर भरपाया मिळतात, जमिनींचे निवाडे होतात, फौजदारी खटले उभे राहतात. म्हणजे माणसांचा शब्द हा पुरावा असतो, हे शासनास पूर्णपणे मान्य आहे. 'माणसं आणतो' असे तो वृद्ध शाहीर म्हणाला, तेव्हा तो आमच्याच खात्याच्या भाषेत बोलत होता. बांधाचा पंचनामा होतो, मग गाण्याचा का होऊ नये? ज्या गावात तो चाळीस वर्षे गायला त्या गावातील पाच वृद्धांना विचारले असते तर बाब स्पष्ट झाली असती. नियमात तशी तरतूद नव्हती हे खरे. पण तशी तरतूद करावी म्हणून वर चार ओळींचे टिपण पाठवण्यास नियमाने आम्हांला मनाई केलेली नव्हती. ते टिपण आम्ही लिहिले नाही, कारण ते आम्हांला सुचलेच नाही. आणि ते सुचले नाही, कारण कागदावर नसलेली कविता ही कविता असते यावर आमचा मनोमन विश्वास नव्हता. इतिहासपुस्तक लिहिणाऱ्या समीक्षकाची आणि शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याची चूक एकच आहे. दोघांनीही छापील अक्षराला पुरावा मानले आणि माणसाला मानले नाही.

येथे एक शंका उरते, तीही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सर्वच गाण्यांना कर्त्याचे नाव हवे असते काय? आमच्या या परिसरात वारली समाज मोठा आहे. त्यांच्या लग्नात धवलेरी गाते. भिंतीवर चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी येते, आणि धवलेरीच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. ती गाणी कोणी रचली हे कोणी विचारीत नाही, आणि विचारणे अप्रस्तुतही ठरेल. ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. मग तिथे अन्याय झाला असे म्हणावयाचे काय? आम्हांला तसे वाटत नाही. जिथे रचणाऱ्यांनीच नाव घातले नाही, जिथे गाणे म्हणजे विधी आहे, तिथे नावाचा आग्रह धरणे ही आपली शहरी सवय झाली. पण तिथेही गाणाऱ्या स्त्रीचे श्रम असतात आणि तिचे पाठांतर असते. त्याचा मान तिला त्या लग्नात मिळतो. वारली चित्रकलेतही नाव नसण्याचीच रीत होती. जिव्या सोमा मशे यांच्यापासून ती कला व्यक्तीच्या नावाने जगासमोर आली, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. नाव नसणे आणि नाव पुसले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे यावरून ध्यानी घ्यावे. ज्याने नाव घातले त्याचे नाव राखणे हे आपल्यावरील ऋण होय.

उलट बाजूचे एक उदाहरण याच भूमीत आहे. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या अमलातून मुक्त झाले. त्या मुक्तिलढ्यात सुधीर फडके स्वतः सामील होते. 'गीतरामायणा'मुळे त्यांचे नाव घरोघर पोचले, ते पुढच्या वर्षी, 1955 साली. येथल्या तरुणांना विचारावे तर त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते, की हा गायक या मातीसाठी जीव धोक्यात घालून आला होता. त्यांच्या बाबतीत गाण्याची कीर्ती एवढी मोठी झाली, की तिच्याखाली कृती झाकली गेली. वामनदादांच्या बाबतीत गाणे राहिले आणि नाव झाकले गेले. लोकस्मृती एका माणसाविषयी बहुधा एकच गोष्ट जपते. दुसरी गोष्ट जपण्याचे काम मग जाणत्यांनी, म्हणजे आपल्यासारख्या साहित्यमंडळांनी आणि कधीकाळी आमच्यासारख्या कचेऱ्यांनी, करावयाचे असते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. गाणे राहिले आणि नाव गेले, हा कवीचा विजय की पराजय? आता आम्हांला असे वाटते, की प्रश्नाची मांडणीच चुकली होती. गाणे राहणे हा कवीचा विजय, यात संशय नाही. तो त्याने स्वतः मिळवला. नाव जाणे हा त्याचा पराजय नव्हे. ती आपली कसूर आहे. या दोन वेगवेगळ्या खात्यांतील रकमा आहेत. एका खात्यातील शिल्लक दाखवून दुसऱ्या खात्यातील बाकी फेडता येत नाही, हे कोणताही लेखापाल सांगेल.

ही बाकी फेडावयाची कशी? मोठे उपाय सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. एक छोटा उपाय मात्र आम्ही करून पाहिला. त्या मंडपातील मुलाला दुसऱ्या दिवशी गाठले. 'हे गीत वामनाचे' या संग्रहाच्या नावातच कवीने आपले नाव कसे ओवले आहे ते त्याला सांगितले, वामनदादांनी पाट्या वाचून अक्षरे कशी शिकली तेही सांगितले, आणि गाण्याचे चौथे कडवे कागदावर लिहून दिले. त्याने ते दोनदा वाचले आणि म्हणाला, "काका, हे आम्हाला कुणी दिलंच नव्हतं." गाणे त्याच्यापर्यंत तीन कडव्यांचेच आले होते. आजवर ज्याने ज्याने ते पुढे दिले, त्याने तेवढेच दिले होते.

कागदाची घडी त्याने खिशात ठेवली. पुढच्या 14 एप्रिलला तो ते कडवे म्हणेल की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. आम्ही मात्र मंडपात जाऊन बसू, आणि गाणे शेवटपर्यंत ऐकू. 1994 साली एका माणसाने 'म्हणून दाखवू का' असे विचारले होते, त्याला उत्तर देण्याचा दुसरा मार्ग आता आमच्यापाशी उरलेला नाही.